उलट्या फेऱ्याचें गणित

पाण्यानें भरलेला तांब्या दोरीला बांधून उभा गरगर फिरविला, तर तोंड खालीं आलें तरी थेंब सांडत नाहीं. हात मंदावला कीं मात्र डोक्यावर स्नान घडतें! तांब्यांतील पाण्याच्या जागीं माणूस बसविण्याची कल्पना युरोपांत बरीच जुनी आहे. १८४६ सालीं पॅरिस येथील एका उद्यानांत रुळांचें उभें वर्तुळ उभारण्यांत आलें. उतारावरून सुटलेली गाडी माणसासह त्यांतून उलटी फिरून सुखरूप बाहेर पडे.

१८९५ सालीं न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंड येथें लिना बीचर नांवाच्या गृहस्थानें हाच खेळ मांडला. त्याच्या 'फ्लिप फ्लॅप' गाडीचें वर्तुळ सुमारें २५ फूट व्यासाचें व अगदीं गोल होतें. गाडी पडत नसे. पण उतारूंच्या माना दुखावत. दोष त्या गोलाईचाच होता.

माथ्यावर गाडी रुळाला धरून राहावी, तर तिला तेथें ठराविक वेग हवा. घर्षण मुळींच नाहीं असें मानिलें, तर त्यासाठीं आरंभीचा उतार वर्तुळाच्या माथ्याहून व्यासाच्या पाव हिश्शानें उंच लागतो. पण तेवढ्या उंचीवरून आलेली गाडी तळाशीं वर्तुळांत शिरतांच बैठक उतारूला त्याच्या वजनाच्या सहापट जोरानें वर रेटते. वर्तुळ लहान करा वा मोठें, सहापट ती सहापटच! शिवाय घर्षण असतेंच. चढतांना चाकें आणि आंस वेग खातात. ती तूट भरण्यास तळाशीं जादा वेग घ्यावा लागतो, आणि रेटा आणखी वाढतो.

१९०१ सालीं तेथेंच एडविन प्रेस्कॉट यानें वर्तुळ लांबट केलें. त्रास घटला, परंतु एका गाडींत चारच उतारू मावत, आणि तोहि खेळ फार वर्षें टिकला नाहीं.

खरा तोडगा १९७६ सालीं निघाला. कॅलिफोर्नियांतील मॅजिक माउंटन उद्यानांत अँटन श्वार्झकोफ यानें 'रिव्होल्यूशन' ही गाडी उभारली. तिचें गणित वेर्नर स्टेंगेल यानें मांडलें. तिचा फेरा पाण्याच्या थेंबासारखा आहे. तळाशीं वेग फार, म्हणून तेथें वळण सैल. माथ्याशीं वेग थोडा, म्हणून तेथें तें आवळ. वळण हळूहळू घट्ट होत जात असल्यानें मानेला एकदम हिसका बसत नाहीं.

असें क्रमानें आवळत जाणारें वळण ऑयलर या गणितज्ञानें १७४४ सालींच अभ्यासिलें होतें. म्हणजे बीचरच्या आधीं दीडशें वर्षें. बीचरच्या काळीं गाडी पडूं नये एवढेंच पाहिलें गेलें. आंतल्या माणसाची मान किती सोसते, हा हिशेब मांडावयाचा राहून गेला.