तीन वर्षं नुसता भात

प्रवासाहून परतलेल्या माणसाला "काय काय पाहिलंत?" असं कधी विचारू नये. उगाच बिचाऱ्याची परीक्षा होते. "जेवणाखाणाचं कसं काय झालं?" असं विचारावं, मग तासभर आपल्याला तोंड उघडावं लागत नाही. आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे निवृत्त हेडमास्तर मागच्या मे महिन्यात सपत्नीक युरोपला जाऊन आले. पंधरा दिवस, आठ देश. आधी व्हेनिस झालं की व्हिएन्ना, यावर त्यांचं आणि काकूंचं अद्याप एकमत नाही. मात्र स्वित्झर्लंडमध्ये बर्फाच्या डोंगरावर सहलवाल्यांनी गरमागरम वरणभात वाढला आणि वरणात हिंग कमी होता, याबद्दल दोघांच्या जबानीत तसूभरही फरक नाही.

याला मी पुष्कळ दिवस हसत असे. अलीकडे बंद केलं आहे. कारण वाचनालयातून इब्न बतूताचं प्रवासवर्णन आणलं, आणि पाहतो तो काय, जगातल्या सर्वांत मोठ्या प्रवाशांत ज्याची गणना होते तो गृहस्थही साडेसहाशे वर्षांपूर्वी नेमकं हेच करून गेला आहे!

हा इब्न बतूता १३०४ साली मोरोक्कोतल्या तांजियर गावी जन्मला. १३२५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, हजला जातो म्हणून आईवडिलांचा निरोप घेऊन एकटाच निघाला आणि मायदेशी परत पोचला तो १३४९ साली. मधल्या चोवीस वर्षांत इजिप्त, अरबस्तान, पूर्व आफ्रिका, तुर्कस्तान, हिंदुस्थान, मालदीव, सिलोन, आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे थेट चीन. (चीनच्या बाबतीत विद्वान मंडळी त्याचं व्हाउचर पास करायला कांकूं करतात, पण तो त्यांचा प्रश्न.) पुढं फेझ शहरी सुलतानाच्या हुकुमावरून त्यानं सारी हकीकत इब्न जुझय नावाच्या लेखकाला तोंडी सांगितली. ते काम १३५५ साली पुरं झालं.

तोंडी का? तर मलबारच्या किनाऱ्यावर चाच्यांनी त्याला असा लुटला की अंगावर फक्त विजार ठेवली. बुखाऱ्यात उतरवून घेतलेली टिपणंही अशीच समुद्रावरच्या लुटीत गेली. थोडक्यात, लेजर गेलं, व्हाउचरं गेली. जी काय शिल्लक राहिली ती डोक्यात. आणि त्या डोक्यात मशिदी, मजारी, काझी आणि राजे यांच्या जोडीनं काय ठासून भरलं होतं, तर कुणी काय वाढलं ते!

पूर्व आफ्रिकेतल्या मोगादिशूला तुपात शिजवलेला भात, वर कोंबडी, मांस, मासे, भाज्या. दुधात शिजवलेली कच्ची केळी. शिवाय लिंबू, आलं, कैरी यांची लोणची. तिथला एकेक माणूस आमच्या पाचदहा जणांचं जेवतो आणि देहानंही तसाच असतो, अशी टीप त्याखाली आहे. चीनची कोंबडी एका पातेल्यात मावली नाही म्हणून दोन पातेल्यांत शिजवली, हेही तो विसरत नाही. मुलतानहून दिल्लीला येताना शाही सरबराईत जे ताट आलं, त्यात खिमा, बदाम, अक्रोड, पिस्ते, कांदा नि मसाला भरून तुपात तळलेला एक पदार्थ होता. त्याचं नाव त्यानं लिहिलंय 'समूसक'. म्हणजे आमच्या बँकेच्या कँटीनमध्ये चार वाजता येतो त्याचा खापरपणजोबा. वारसाला बदाम मिळाले नाहीत, बटाटा मिळाला; इस्टेटीचं हे असंच होतं. मूग-तांदूळ एकत्र शिजवून तूप घालून केलेल्या खिचडीचीही नोंद आहे, आणि लोक रोज सकाळी तिचीच न्याहारी करतात, असं तो म्हणतो.

दिल्लीत महंमद तुघलकानं त्याला काझी नेमलं. तनखा सालाला १२,००० दीनार. यावर आमच्या काझीसाहेबांनी सावकारांचं किती देणं करून ठेवावं? ५५,००० दीनार! कर्ज आमच्या पासिंगखाली आलं असतं तर पहिल्याच पानावर तांबडी शाई चालवली असती. त्यानं मात्र सुलतानाला अरबीत एक स्तुतिकाव्य लिहून दिलं आणि सुलतानानं कर्ज फेडलं. आमच्याकडे थकबाकीदार अजून अर्जच लिहितात, कवितेपर्यंत कुणी पोचलेलं नाही.

एवढा मेजवान्या झोडलेला हा माणूस १३४२ साली सुलतानाचा वकील म्हणून चीनला निघाला. बरोबर लवाजमा, नजराणे, सगळं. आणि चार मजला पुढं, कोल म्हणजे आजच्या अलीगढजवळ, चकमकीत सोबत्यांपासून तुटला, लुटारूंच्या हाती सापडला, कसाबसा सुटला, आणि रानात आठवडाभर एकटा भटकत राहिला. दिवसा लपायचं, रात्री चालायचं. खायला काय? झाडपाला आणि बोरं. बोरीच्या काट्यांचे वण दंडावर अजून आहेत, असं तो फेझमध्ये बसून सांगतो.

शेवटी तहानेनं जीव चाललेला असताना एक विहीर दिसली. दोर होता, पण पोहरा नाही. डोक्याचं फडकं त्यानं दोराला बांधलं आणि आत सोडलं. भिजलेलं फडकं चोखून झालं, मग जोडा बांधून सोडला, पुन्हा सोडला, तर जोडा विहिरीत. मग दुसरा सोडला. त्यातनं पोटभर पाणी प्याला आणि उरलेला एकुलता एक जोडा कापून दोन्ही पायांना पुरवता येतो का ते बघत बसला.

तेवढ्यात समोर एक काळा माणूस उभा. हातात काठी नि झारी, खांद्यावर झोळी. त्यानं सलाम केला, आपल्या दोरानं पाणी काढलं, आणि झोळीतून मूठभर भाजलेले काळे चणे नि थोडा तांदूळ काढून समोर धरला. इब्न बतूतानं खाल्लं. चालायला पाय उठेनात, तेव्हा त्या माणसानं त्याला खांद्यावर घेतलं. तिथंच डोळा लागला. जाग आली तेव्हा एका गावाशी होता, आणि तो माणूस नव्हता. नाव विचारल्यावर त्यानं अरबीत सांगितलं होतं, 'आनंदी हृदयाचा'. फारसीत त्याचं होतं दिलशाद. सोळा वर्षांपूर्वी इजिप्तमधल्या एका साधूनं त्याला सांगून ठेवलं होतं, की हिंदुस्थानात तुला माझा भाऊ दिलशाद भेटेल आणि एका संकटातून सोडवील.

साधूचं भाकीत ज्याचं त्यानं मानावं. मी चण्यांशी थांबतो. बदलीच्या गावी पहिल्या रात्री दहाला एस.टी.तून उतरलो, तेव्हा सगळी दुकानं बंद होती. स्टँडवरच्या रखवालदारानं आपल्या डब्यातली अर्धी भाकरी आणि ठेचा माझ्यापुढं केला होता. त्यानंतर त्या गावात चार वर्षं काढली, मॅनेजरसाहेबांच्या मुलीच्या लग्नात पाच पक्वान्नं जेवलो. ती कोणती, ते हिला विचारून सांगावं लागेल.

कोलहून वकीलसाहेबांची स्वारी दक्षिणेकडे वळली आणि आपल्या मुलखात आली. देवगिरीचं दौलताबाद झालेलं होतं. तिथली द्राक्षं आणि डाळिंबं त्यानं नमूद केली आहेत, किल्ल्याच्या अंधारकोठडीतले मांजरापेक्षा मोठे उंदीरही. तिथल्या मराठा बायकांची नाकं आणि भुवया त्याला विशेष सुंदर वाटल्या. (हे वाक्य मी घरात मोठ्यानं वाचलं. त्या संध्याकाळी चहाबरोबर भजी आली.) पुढं नंदुरबार. तिथल्या मराठ्यांचं खाणं काय? भात, भाज्या आणि तिळाचं तेल. जीव मारत नाहीत, दारू पीत नाहीत, आणि जेवणाआधी अशी आंघोळ करतात की जणू मोठा विटाळ धुऊन काढताहेत! सोवळ्याचं याहून नेमकं वर्णन मी तरी वाचलेलं नाही. पण एका गोष्टीनं मी जरा खट्टू झालो. मोगादिशूच्या केळ्यांना जेवढी शाई, तेवढीही आमच्या सगळ्या स्वयंपाकाला नाही. बहुधा कुणी पानावर बसवलं नसावं.

बसवलं असतं तर काय झालं असतं, ते खाली होनावरला कळतं. तिथला सुलतान जमालुद्दीन. रेशमी वस्त्र नेसलेली दासी तांब्याच्या मोठ्या पळीनं भात वाढते, वर तूप सोडते. बाजूला ओल्या मिऱ्यांच्या घोसांचं लोणचं, आलं, लिंबू, कैरी. (मिरची नाही, ती पोर्तुगीजांबरोबर यायला अजून दीडशेहून जास्त वर्षं होती.) भाताचा घास, मग लोणच्याचं बोट. तो भात संपला की दुसरा भात आणि कोंबडी. पुन्हा भात, पुन्हा वेगळी कोंबडी. मग भात आणि तऱ्हेतऱ्हेचे मासे. मग तुपातल्या भाज्या, दुधाचे पदार्थ. आणि सर्वांत शेवटी विरजलेलं दूध. ते आलं की समजावं आता यापुढं काही येणार नाही! पावसाळ्यात गार पाणी बाधतं म्हणून वर गरम पाणी. किनाऱ्यावरच्या कुठल्याही घरात आजही दही-ताक आलं की पाहुणा निःश्वास सोडतो आणि यजमानीण म्हणते, "आणखी भात घ्या ना थोडा." सहा-साडेसहा शतकांत फक्त रेशमी वस्त्र गेलं.

एवढं सुग्रास वाढल्यावर माणसानं तृप्त व्हावं की नाही? पण पुढच्याच वाक्यात गाडी घसरते. याच सुलतानाकडे पुढं एकदा मी अकरा महिने राहिलो आणि रोटीचा तुकडा पाहिला नाही, म्हणतो! मालदीव, सिलोन, मलबार आणि पूर्वेचा मअबर किनारा मिळून तीन वर्षं नुसता भात. शेवटी शेवटी घास पाण्याबरोबर गिळावा लागे. मालदीवमध्ये हा पुन्हा काझी झाला, तिथं एका वेळी चार लग्नं केली, पण गव्हाची सय काही गेली नाही. कोकणातून घाटावर बदलून आलेल्या आणि भातासाठी झुरणाऱ्या आमच्या कॅशियरला मी हे सांगितलं. "उलटं प्रकरण आहे," तो म्हणाला, "पण माणूस आपलाच."

१३४९ साली तो मोरोक्कोत परतला. वडील गेल्याची बातमी आदल्या वर्षी दमास्कसला कळली होती, पंधरा वर्षं उशिरा. आता घर काही मजलांवर आलं असताना वाटेत ताझा गावी समजलं, की आई प्लेगमध्ये गेली. तांजियरला जाऊन त्यानं तिच्या कबरीचं दर्शन घेतलं. पुस्तकात त्यावर एखाद-दुसरी ओळ आहे. त्याच परतीच्या प्रकरणात मोरोक्को आणि इजिप्त यांच्या बाजारभावांची लांबलचक तुलना आहे. मांस कुठं स्वस्त, फळं कुठं स्वस्त, डाळी ते कशा शिजवतात आणि आपण कशा. पहिल्यांदा वाचताना मला हे विचित्र वाटलं होतं. दुसऱ्यांदा नाही वाटलं.

घरी पाय टिकणार कुठला? १३५२ साली सहारा ओलांडून माली. सीमेवरच्या वलाता गावी मेजवानी म्हणून अर्ध्या भोपळ्याच्या कवटीत कुटलेली बाजरी, किंचित मध नि दही. "याच्यासाठी बोलावलं होतं?" असं यानं विचारलं. राजधानीत अळकुडीसारख्या कंदाची लापशी खाल्ली, तर सहाच्या सहा जण आजारी पडले, एक दगावला, आणि हा स्वतः दोन महिने अंथरुणाला. उठून हिंडूफिरू लागल्यावर निरोप आला: सुलतान मनसा सुलेमानकडून नजराणा येतोय! हा उठून उभा. मानाचा पोशाख असेल, मोहरा असतील. आत आल्या तीन रोट्या, तळलेल्या गोमांसाचा एक तुकडा आणि भोपळ्यात दही. इब्न बतूता हसत सुटला. पुढं दरबारात सुलतानाला त्यानं तोंडावर विचारलं, की जगातल्या राजांना मी भेटलोय, त्यांना तुमच्याबद्दल काय सांगू? तेव्हा कुठं राहायला घर आणि खर्चाला नेमणूक मिळाली, आणि निघताना सोन्याचे १०० मिस्काल.

तीन वर्षं जिच्यासाठी झुरला ती रोटी, आणि राजाच्या घरून आली तेव्हा हसला!

हे सगळं परवा जिन्यात हेडमास्तरांना सांगितलं. मोगादिशू, दिल्ली, होनावर, माली, सगळं. त्यांनी डोळे मिटून ऐकून घेतलं.

"ते चणे," ते म्हणाले, "काळे म्हणालात?"

"काळे."

"सालासकट खाल्ले असणार," असं म्हणून ते वर गेले. थोड्या वेळानं वरून काकूंचा आवाज आला, "आत्ता या वेळेला फुटाणे कशाला हवेत तुम्हाला?"