कंपनीच्या सीएसआर निधीतून मिळणारी आरोग्य व शिक्षण मदत : हिंदूराव परिसरातील लाभार्थ्यांसाठी माहिती

उत्तर दिल्लीतील हिंदूराव रुग्णालय दिल्ली महानगरपालिकेचे आहे. (नाव मराठीच. बायजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदूराव घाटगे यांचा येथे वाडा होता.) या रुग्णालयातील आणि महापालिका शाळेतील सेवा शासकीय आहेत. वस्तीत येणारा फिरता दवाखाना किंवा संध्याकाळचा अभ्यासवर्ग मात्र अनेकदा स्वयंसेवी संस्थेचा असतो आणि त्याचा खर्च एखादी कंपनी उचलते. पहिल्या सेवेवर नागरिक म्हणून आपला हक्क असतो. दुसरी मदत असते, आणि तिला मुदत असते.

कंपनी हा खर्च का करते?

कंपनी कायदा, 2013 मधील कलम 135 नुसार. ही तरतूद 1 एप्रिल 2014 पासून लागू आहे. मागील आर्थिक वर्षात नक्त मालमत्ता 500 कोटी रुपये, उलाढाल 1,000 कोटी रुपये किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये, यांपैकी एक जरी मर्यादा गाठली असेल, तरी त्या कंपनीने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करायची असते. यालाच सीएसआर म्हणतात. आरोग्य आणि शिक्षण ही दोन्ही कामे कायद्याच्या अनुसूची 7 मध्ये आहेत. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी केलेला खर्च यात धरला जात नाही.

कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे, असे कायदा सांगतो. पण प्रकल्प आणि वस्ती कोणती हे कंपनीचे संचालक मंडळ ठरवते. त्यामुळे “कारखाना आमच्याजवळ आहे, आम्हाला मदत मिळालीच पाहिजे” असा दावा करता येत नाही.

दिल्ली परिसरातील एक उदाहरण

नोएडाच्या एचसीएल कंपनीचे एचसीएल फाउंडेशन 2011 मध्ये सुरू झाले. त्याच्या अनुदान योजनेत पर्यावरण, आरोग्य व शिक्षण या तीन गटांत स्वयंसेवी संस्था निवडल्या जातात. निवड झालेल्या संस्थेला काही वर्षांच्या प्रकल्पासाठी 5 कोटी रुपये मिळतात. येथे अर्ज संस्था करते. रुग्णाने किंवा पालकाने कंपनीकडे अर्ज करायचा नसतो. लाभार्थ्याची नोंद संस्थेकडेच होते.

मदत किती काळ चालते?

हा प्रश्न नाव नोंदवतानाच विचारा. नियमांनुसार ‘चालू प्रकल्प’ सुरू झालेले वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षे चालू शकतो. त्यानंतर कंपनी तोच प्रकल्प नव्याने मंजूर करेलच असे नाही. मधुमेहाची गोळी दर महिन्याला लागते आणि सहावीतल्या मुलीला दहावीपर्यंत पोहोचायचे असते; आर्थिक वर्ष मात्र 31 मार्चला संपते.

म्हणून फिरत्या दवाखान्यात उपचार चालू असले तरी शासकीय रुग्णालयातील केसपेपर चालू ठेवा आणि तपासण्यांचे कागद स्वतःजवळ ठेवा. अभ्यासवर्ग कितीही चांगला असला तरी मुलाचे नाव शाळेतून काढू नका. 6 ते 14 वयोगटाला मोफत शिक्षणाचा हक्क 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने दिला आहे, कोणत्याही कंपनीने नाही. “आमच्याकडे आलात तर शासकीय योजनेची गरज नाही” असे कोणी सांगत असेल, तर ऐकू नका.

संस्था खरी आहे का?

1 एप्रिल 2021 पासून सीएसआर निधीतून काम करणाऱ्या संस्थेला कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाकडे ‘सीएसआर-1’ अर्ज भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. तो क्रमांक आणि कंपनीचे नाव विचारा. सीएसआर लागू असलेल्या कंपनीचे संकेतस्थळ असेल, तर मंजूर प्रकल्प त्यावर जाहीर करणे बंधनकारक आहे. तेथे प्रकल्प दिसत नसेल, तर संस्थेकडे लेखी खुलासा मागा. संस्थेने दहा-वीस रुपये नाममात्र शुल्क घेणे आपोआप गैर ठरत नाही, परंतु पावती मिळाली पाहिजे. नाव लावण्यासाठी ‘कमिशन’ मागणाऱ्याला आधार कार्डाची प्रत देऊ नका.

सीएसआरमधून रुग्णालयाला यंत्र मिळाले, तर त्यावर कंपनीची पाटी दिसेल. पण नियमांनुसार अशी मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावे ठेवता येत नाही. यंत्र शासकीय रुग्णालयाच्या मालकीचे झाले असेल, तर तपासणीसाठी नेहमीचा केसपेपर चालतो. संस्थेचे कार्ड कोणी मागितल्यास वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी तक्रार करा.

तक्रार कोठे करावी?

प्रथम संस्थेकडे, नंतर कंपनीच्या सीएसआर समितीकडे किंवा संचालक मंडळाकडे. माहिती अधिकाराचा अर्ज खाजगी कंपनीकडे चालत नाही. महापालिका, तिचे रुग्णालय व शाळा यांच्याकडे चालतो. संस्थेने महापालिकेच्या जागेत वर्ग किंवा दवाखाना चालवला असेल, तर त्या कराराची प्रत आणि मुदत या अर्जाने महापालिकेकडून मागता येते.