कव्हर ब्लॉक आणि चेअर

कव्हर ब्लॉक आणि चेअर : आरसीसी स्लॅबमधली सळई सेंटरिंगच्या फळीपासून ठरलेल्या अंतरावर उचलून धरणारे आणि काँक्रीट घट्ट होईपर्यंत तिला जागेवरून हलू न देणारे आधार. तळच्या जाळीखाली ठेवतात तो सिमेंटचा किंवा प्लॅस्टिकचा लहान ठोकळा म्हणजे कव्हर ब्लॉक. साइटवर त्याला नुसते ‘कव्हर’ही म्हणतात. वरची जाळी तोलून धरण्यासाठी सळईचेच तुकडे वाकवून केलेला आधार म्हणजे चेअर. दोन्ही वस्तू काँक्रीटमध्ये कायमच्या गाडल्या जातात. स्लॅब भरल्यावर त्या ठेवल्या होत्या की नाही, हे वरून पाहून कोणालाच सांगता येत नाही. स्लॅब किती वजन पेलेल आणि किती वर्षे टिकेल, हे दोन्ही मात्र बऱ्याच अंशी त्यांच्या उंचीवर ठरते.

सळईची जागा : काँक्रीट दाबाला भक्कम आणि ताणाला दुबळे असते. खोलीच्या स्लॅबवर वजन आले की तो मध्यभागी लवतो. त्याचा तळ ताणला जातो आणि माथा दाबला जातो. म्हणून मध्यभागी मुख्य सळई तळाशी असते. स्लॅब बीमवरून पुढच्या खोलीत जातो तिथे हाच प्रकार उलटा होतो, म्हणून बीमच्या माथ्यावर सळई वर लागते. गॅलरी आणि छज्जा यांना एकाच बाजूने आधार असतो, त्यामुळे त्यांचा सगळा ताण वरच्या बाजूलाच येतो.

ही गोष्ट आज सरळ वाटते, पण ती समजायला काही काळ जावा लागला. जोसेफ मोनिए या फ्रेंच माळ्याने लोखंडी जाळी घातलेल्या सिमेंटच्या कुंड्यांचे पेटंट १८६७ मध्ये घेतले, तेव्हा लोखंड नेमके कुठे हवे याचे गणित त्याच्यापाशी नव्हते. ते जर्मन अभियंता माथियास कोनेन याने १८८६ मध्ये मांडले : लोखंड ताण येतो त्या बाजूला हवे. त्या दिवसापासून सळई किती घातली याइतकाच ती कोणत्या उंचीवर आहे हा प्रश्न महत्त्वाचा झाला.

उदाहरणाने हे नीट दिसते. गॅलरीचा स्लॅब १२० मिमी जाड आहे, वरून ३० मिमी कव्हर (सळई आणि स्लॅबचा पृष्ठभाग यांमधला काँक्रीटचा थर) आहे आणि मुख्य सळई १० मिमीची आहे असे धरू. सळईच्या मध्यापासून स्लॅबच्या तळापर्यंत ८५ मिमी अंतर मिळते. अभियंता याला परिणामी खोली म्हणतो आणि सगळा हिशेब तिच्यावर मांडतो. स्लॅब भरताना माणसांच्या पायांखाली ही सळई २५ मिमी दबली, तर खोली ६० मिमी उरते. सळई तेवढीच, सिमेंट तेवढेच, खर्चही तेवढाच. पण गॅलरीची ताकद सुमारे ३० टक्क्यांनी घटते आणि तिचे लवणे जवळपास दुप्पट होते. छज्जा किंवा गॅलरी मुळापाशी तडकते तेव्हा सळई कमी पडली असा पहिला संशय येतो. फोडून पाहिले तर पुष्कळदा सळई पुरेशी सापडते, फक्त ती खाली गेलेली असते.

गंजापासून संरक्षण : कव्हरचे दुसरे काम सावकाश चालणारे आहे. ताज्या काँक्रीटमधले पाणी अतिशय अल्कधर्मी असते, त्याचा सामू १२.५ ते १३ च्या घरात असतो. अशा वातावरणात पोलादावर एक अत्यंत पातळ ऑक्साइडचा थर तयार होतो आणि तो गंज चढू देत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड पृष्ठभागावरून हळूहळू आत शिरतो, चुन्याशी संयोग पावतो आणि सामू ९ च्या आसपास किंवा त्याखाली उतरवतो. हा बदल, म्हणजे कार्बनीकरण, सळईपर्यंत पोहोचला की तो थर जातो. त्यापुढे ओल आणि प्राणवायू मिळाला की गंज सुरू होतो. गंज मूळ पोलादाच्या दुप्पट ते सहापट जागा मागतो, आणि ती जागा काँक्रीट फोडूनच मिळते.

इथे एक नियम प्रत्येक ठेकेदाराला माहीत असायला हवा. कार्बनीकरणाची खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. एखाद्या काँक्रीटमध्ये ते १० मिमी आत जायला १० वर्षे घेत असेल, तर २० मिमी जायला २० नव्हे, ४० वर्षे घेते. म्हणजे कव्हर निम्मे केले की संरक्षणाचा काळ निम्मा होत नाही, चौथाईवर येतो. सळईखालचा ठोकळा निसटला आणि २० ऐवजी १० मिमी कव्हर मिळाले, तर त्या जागी स्लॅबच्या आयुष्यातली ३० वर्षे गेली.

कोकण, मुंबई आणि गोव्याच्या किनाऱ्यावर यात मिठाची भर पडते. खारी हवा, आणि पूर्वी काही ठिकाणी वापरली गेलेली खाडीची न धुतलेली वाळू, यांतले क्लोराइड सामू उतरण्याची वाट पाहत नाहीत. ते सळईवरचा संरक्षक थर जागोजागी भेदतात. जुन्या इमारतींत संडास-बाथरूमच्या सन्क (खाली उतरवलेल्या) स्लॅबची गळतीही असते. वरच्या मजल्याचे पाणी झिरपत राहते, खालच्या छतावर आधी तपकिरी रेषा उमटते. ती रेषा सळईच्या बरोबर खाली आणि सळईच्या दिशेनेच धावते. मग प्लास्टर फुगते, ठोकले तर पोकळ वाजते, आणि एके दिवशी काँक्रीटचा पापुद्रा खाली येतो. उघडी पडलेली सळई पाहावी : बहुतेक वेळा तिच्याखाली ठोकळ्याची खूणच नसते, ती जवळजवळ फळीला टेकूनच ओतली गेलेली असते.

अशा जागी अभियंते एक साधी परीक्षा करतात. नुकत्याच फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण फवारतात. जिथे काँक्रीट अजून अल्कधर्मी आहे तिथे गडद गुलाबी रंग चढतो, जिथे कार्बनीकरण झाले आहे तिथे रंग येत नाही. बिनरंगी पट्टा सळईच्या पलीकडे गेला असेल, तर पुढे काय होणार हे सांगायला दुसऱ्या उपकरणाची फारशी गरज नसते.

आगीतही कव्हरचा उपयोग होतो. ५५० ते ६०० अंश सेल्सिअसला पोलादाची ताकद जवळपास निम्म्यावर येते. सळईभोवतीचे काँक्रीट ती वेळ लांबवते.

संहिता : भारतात या विषयाचा आधार म्हणजे आयएस ४५६ ही मानक संहिता. ती प्रथम १९५३ मध्ये निघाली, आणि २००० सालच्या चौथ्या सुधारित आवृत्तीने कव्हरचा विचार पुरता बदलला. १९७८ च्या आवृत्तीत स्लॅबला १५ मिमी किंवा सळईच्या व्यासाइतके, यांपैकी जे जास्त ते कव्हर पुरे मानले होते. २००० मध्ये कव्हर इमारतीच्या परिसरावर ठरू लागले : सौम्य परिसरात २० मिमी, मध्यम परिसरात ३०, तीव्र परिसरात ४५, अतितीव्र परिसरात ५० आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यासारख्या टोकाच्या परिस्थितीत ७५ मिमी. सौम्य परिसरात १२ मिमीपर्यंतच्या सळईला ५ मिमीची सूट आहे. किनारपट्टीवरची इमारत आतून कितीही झाकलेली असली तरी ती सौम्य गटात बसत नाही. मुंबईत किंवा रत्नागिरीत ‘स्लॅबला १५ चे कव्हर’ असे अजूनही ऐकू येते. ते जुन्या संहितेचे उरलेले वाक्य आहे आणि ते सोडून द्यायला हवे.

हे कव्हर सर्वांत बाहेरच्या सळईच्या पृष्ठभागापासून मोजतात. प्लास्टर त्यात धरत नाहीत, त्यामुळे कमी पडलेले कव्हर प्लास्टरने भरून निघते हा समज चुकीचा आहे. संहितेची सवलतही एकाच बाजूने आहे : प्रत्यक्ष कव्हर १० मिमीने जास्त चालेल, कमी अजिबात चालणार नाही. याचा अर्थ जितके जास्त तितके चांगले असाही नाही, कारण कव्हर वाढले की परिणामी खोली घटते आणि काँक्रीटच्या पृष्ठभागावरच्या भेगा रुंद होतात.

ठोकळे : साइटवर ओतलेला सिमेंटचा कव्हर ब्लॉक सर्वांत जुना. एकास दोन प्रमाणात सिमेंट आणि जाड वाळूचा माल सपाट पाट्यावर हव्या त्या जाडीचा पसरतात, ओला असतानाच साधारण ४ सेंमीच्या चौकोनांत कापतात आणि प्रत्येकात बाइंडिंग वायरचा तुकडा खोचतात. ही तार पुढे सळईला पिळून बांधायची असते. न बांधलेला ठोकळा व्हायब्रेटर लागताच सरकतो. ठोकळे दुसऱ्या दिवशी टाकीत टाकून स्लॅबइतकेच पाणी पाजावे लागते. हीच पायरी सर्वांत जास्त गाळली जाते. कच्चा ठोकळा माणूस वर उभा राहताच चुरतो. नाही चुरला तर आत एक सच्छिद्र जागा बनून राहतो आणि ओल थेट सळईपर्यंत नेतो. ठोकळ्याचे काँक्रीट निदान स्लॅबच्या काँक्रीटइतके तरी दमदार हवे.

कारखान्यात बनलेले काँक्रीटचे किंवा तंतुमय काँक्रीटचे ब्लॉक या बाबतीत बरेच भरवशाचे असतात. त्यांची उंची एकसारखी असते आणि एकाच ब्लॉकच्या वेगवेगळ्या बाजू वेगवेगळ्या कव्हरसाठी वापरता येतात. प्लॅस्टिकचे ब्लॉक स्वस्त आणि बसवायला झटपट. कॉलमसाठीची त्यांची चाकाच्या आकाराची जात सर्रास दिसते. मात्र प्लॅस्टिक काँक्रीटला चिकटत नाही आणि उन्हात काँक्रीटच्या कितीतरी पट प्रसरण पावते, त्यामुळे त्याच्या कडेने बारीक फट राहू शकते. आतल्या कोरड्या खोल्यांना ते चालेल. गच्ची, पाण्याची टाकी आणि किनाऱ्यावरची कामे यांना काँक्रीटचाच ब्लॉक घ्यावा.

खडीचे तुकडे, फुटकी फरशी, संगमरवराच्या चिपा, विटेचे रोडे हे ठोकळे नव्हेत. त्यांची उंची एकसारखी नसते, आणि गोलसर खडी तर व्हायब्रेटर लागताच सळईखालून निसटते. सळईचा तुकडा खाली सरकवणे त्याहून वाईट. तो फळीला टेकलेला राहतो आणि पहिला गंज तिथूनच आत शिरतो.

ठोकळे साधारण मीटरभर अंतरावर ठेवतात, पण ८ मिमीची सळई माणसाच्या वजनाने वाकते, म्हणून तिच्यासाठी अंतर कमी लागते. ते एका रेषेत न ठेवता एकाआड एक सरकवून ठेवावेत. एका ओळीत आले तर तीच तडकण्याची रेषा होऊ शकते.

चेअर : वरच्या जाळीची उंची चेअरवर ठरते, म्हणून चेअर मोजून करावी लागते. समजा स्लॅब १५० मिमी, वर आणि खाली २० मिमी कव्हर, दोन्ही जाळ्यांत १० आणि ८ मिमीच्या सळया एकमेकींवर आडव्या. १५० मधून दोन्ही कव्हरचे ४० आणि दोन जाळ्यांचे १८-१८ मिमी वजा केले की चेअरची बाहेरून बाहेर उंची ७४ मिमी येते. फिटरला हा आकडा लिहून द्यावा. ‘अंदाजाने वाकव’ असे सांगितले की ९० च्या चेअर येतात आणि वरच्या सळईवर जेमतेम कव्हर उरते, किंवा ५० च्या येतात आणि ती खोल जाते. चेअरचे पाय तळच्या जाळीवर बसले पाहिजेत. ते फळीवर टेकले तर सेंटरिंग काढल्यावर छताला त्यांची टोके दिसतात आणि पहिल्या पावसाळ्यानंतर तिथे गंजाचे ठिपके उमटतात.

काँक्रीट भरण्याचा दिवस चेअरच्या कसोटीचा असतो. पंपाचा पाइप ओढणारे, घमेली वाहणारे, व्हायब्रेटरची नीडल फिरवणारे सगळे वरच्या जाळीवरूनच चालतात. जाळीवर फळ्या टाकून वाट करून दिली आणि एक फिटर भरणे संपेपर्यंत हजर ठेवला, तर दबलेली चेअर तिथल्या तिथे उभी होते. काही ठिकाणी सळई आधी खालीच पसरून ठेवतात आणि माल पडल्यावर आकड्याने वर खेचतात. हा प्रकार टाळावा. ओल्या काँक्रीटमध्ये खेचलेली सळई कुठे थांबली हे कोणालाही दिसत नाही, आणि पुढचे पाऊल तिच्यावर पडताच ती पुन्हा खाली बसते.

जमिनीवरचा स्लॅब : फूटिंगला संहितेने किमान ५० मिमी कव्हर सांगितले आहे. खाली पीसीसी (सळई नसलेले साधे काँक्रीट) नसेल तर ठोकळा मातीत रुततो, म्हणून पीसीसी आधी करतात. थंड देशांत जमिनीवरच्या स्लॅबखाली उष्णतारोधक फोमच्या पाट्या आणि ओल अडवणारा पॉलिथिनचा कागद अंथरतात. तिथे टोकदार पायांची चेअर फोममध्ये घुसते आणि कागद फाडते, म्हणून रुंद बैठकीच्या चेअर वापरतात.

तपासणी : काम झाल्यावर कव्हर मीटर या चुंबकीय उपकरणाने सळईची खोली पृष्ठभागावरूनच मोजता येते. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब नुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतींची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्यांची दर तीन वर्षांनी तपासणी व्हावी लागते. पण त्या तपासणीत कव्हर कमी निघाले तर उपाय महाग असतो : सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत फोडणे, गंज घासून काढणे, गरज पडल्यास नवी सळई जोडणे आणि पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रो काँक्रीट भरणे. गंजावर नुसता मॉर्टरचा लेप थापला तर तो पुन्हा सुटतो.

स्वतःचे घर बांधणाऱ्याने स्लॅब भरण्याच्या आदल्या संध्याकाळी सेंटरिंगवर जावे, टेप घेऊन दहा-बारा ठिकाणी सळईखालची जागा मोजावी, ठोकळे बांधलेले आहेत ना ते हाताने हलवून पाहावे, गॅलरी आणि छज्ज्याच्या मुळाशी वरची सळई खरोखर वर आहे ना हे मुद्दाम पाहावे. कमी आढळले तर ते पुरे होईपर्यंत मिक्सर सुरू करू देऊ नये.