बुलेट घ्यावी की येझदी?

लांबच्या प्रवासाला जुनी मोटरसायकल घ्यायची तर बुलेट घ्यावी की येझदी, हा वाद महाराष्ट्रातल्या गॅरेजांसमोर आणि कॉलेजच्या कट्ट्यांवर दोन पिढ्या चालला. वाद घालणारे बहुधा गाडीबद्दलच बोलत. कुणी बुलेटचा ठोका सांगे, कुणी येझदीची चढावरची ओढ. पण गेल्या पन्नास-साठ वर्षांत या दोन गाड्यांचं काय झालं ते ओळीने पाहिलं, तर निवडीचा खरा निकष वेगळाच दिसतो. जुनी गाडी घेणारा तिच्यामागे उभी असलेली सगळी साखळी विकत घेत होता: सुटे भाग करणारा कारखाना, ते विकणारी पेठ आणि ते बसवणारा मिस्त्री. ज्या गाडीची साखळी शाबूत राहिली ती प्रवासाची गाडी झाली. जिची तुटली ती कितीही गुणी असली तरी हळूहळू हौशी माणसांच्या अंगणात जाऊन थांबली.

मुळात आपल्याकडे लांबच्या प्रवासासाठी म्हणून वेगळी मोटरसायकल कुणी बनवलीच नव्हती. परदेशी गाड्यांची आयात जवळपास बंद, आणि देशात कारखाने परवान्याने चालणारे, तेही मोजके. लष्कराला सीमेवरच्या गस्तीसाठी गाडी हवी होती. तिथे 350 सीसीची बुलेट पसंत पडली आणि 1955 साली मद्रास मोटर्सने इंग्लंडच्या रॉयल एनफील्डशी भागीदारी करून मद्रासजवळ तिरुवोट्टियूरला कारखाना उभारला. मुंबईच्या इराणी कुटुंबाने चेकोस्लोव्हाकियाच्या जावाशी करार केला आणि म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून 1961 पासून अडीचशे सीसीच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. सत्तरच्या दशकात त्याच गाडीचं नाव येझदी झालं. तिसरी एस्कॉर्ट्सची राजदूत, 175 सीसीची. ती दुधाचे कॅन वाहण्यात आणि खेड्यापाड्यांच्या कच्च्या रस्त्यांवर खपली. गिऱ्हाइकासमोर या तीन गाड्या होत्या. त्यांतली एकही हौशी भटक्याला डोळ्यांसमोर ठेवून बनलेली नव्हती.

मग प्रवासाची गाडी आली कुठून? ती आली जुन्या बाजारातून, आणि तिला जन्म दिला शंभर सीसीच्या जपानी गाड्यांनी. 1984 ते 1986 या दोन-तीन वर्षांत इंड-सुझुकी, हिरो होंडा, यामाहा आरएक्स 100 आणि कावासाकी बजाज एकापाठोपाठ एक आल्या. हलक्या, एका किकला सुरू होणाऱ्या, आणि हिरो होंडा तर पेट्रोलला इतकी काटकसरी की नोकरदार माणसाला दुसरा विचार करायची गरजच उरली नाही. ज्याला रोज कामावर जायचं होतं त्याने बुलेट किंवा येझदी विकून टाकली. लिटरला जेमतेम तीस किलोमीटर देणारी जड गाडी त्याला परवडेना. भाव उतरले, आणि ज्याला रोजच्या कामापेक्षा सुट्टीतल्या प्रवासासाठी गाडी हवी होती त्या तरुणाच्या हातात ती पहिल्यांदाच स्वस्तात आली. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाने मागे लोखंडी कॅरिअर ठोकून घेतलं, बाजूला कॅनव्हासच्या पिशव्या लावल्या, आणि लष्कराची, पोलिसांची, सावकाराची गाडी भटक्याची झाली. आपली टूरिंग मोटरसायकल कारखान्यात घडली नाही. ती गॅरेजात, दुसऱ्या हाती घडली.

आता या दोघींकडे यंत्र म्हणून जवळून पाहू, कारण वादातला अर्धा भाग तिथेच आहे. जावा-येझदीचं दोन स्ट्रोकचं इंजिन म्हणजे साधेपणाचा नमुना. त्यात व्हॉल्व्ह नाहीत, टॅपेट नाहीत, ऑइल पंप नाही. पेट्रोलमध्ये माप धरून ऑइल मिसळलं की तेच आतल्या भागांना वंगण पुरवतं. जुन्या जावाचा डावीकडचा गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला की त्याचीच किक होते, आणि गिअर टाकताना तोच दांडा क्लचही सोडवतो. चेन पूर्ण झाकलेली, त्यामुळे धूळ-चिखलात ती वर्षानुवर्षं टिकते. या रचनेमागची बुद्धी आजही थक्क करते. पण याच साधेपणात एक अडचण होती, आणि ती घाटात उघडी पडे. इंजिनला वंगण पेट्रोलबरोबर मिळतं. मग लांब उतारावर, गिअरमध्ये गाडी ठेवून थ्रॉटल बंद केला की चाक इंजिनला फिरवत राहतं, पण पेट्रोल जवळजवळ येत नाही आणि म्हणून ऑइलही नाही. सामान लादलेली, डबलसीट गाडी खंबाटकी किंवा आंबोली उतरताना पिस्टन पकडण्याची भीती असे. जाणते चालवणारे मधूनमधून थ्रॉटलला झटका देत, किंवा क्लच दाबून ब्रेकवर उतरत. हा गाडीचा दोष म्हणण्यापेक्षा तिची सवय म्हणावी. पण सवय ठाऊक नसलेल्या तिसऱ्या मालकाच्या हातात ती दोषच ठरे.

बुलेटचं इंजिन याच्या उलट, भागांनी भरलेलं. 346 सीसीचा एकच सिलिंडर, सत्तर मिलिमीटरचा बोअर आणि नव्वदचा स्ट्रोक. स्ट्रोक लांब असल्यामुळे ताकद 18 हॉर्सपॉवरच, पण ती कमी वेगातच हाती येते. गिअरबॉक्स इंजिनपासून वेगळा. गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या, म्हणजे येझदीच्या नेमका उलट. एकीवरून दुसरीवर येणाऱ्याचा पाय पहिले काही दिवस नको तिथे पडे. किक मारण्याचीही रीत होती. डिकॉम्प्रेसरचा खटका दाबून, अ‍ॅमीटरच्या काट्याकडे पाहत पिस्टन वरच्या टोकाच्या किंचित पुढे आणायचा आणि मगच पूर्ण किक मारायची. नाहीतर किक उलटी फिरून घोट्यावर बसे. ऑइल गळणं तर इतकं नेहमीचं की गाडी उभी राहते त्या फरशीवरचा डाग ही तिची खूण झाली. तरीही या इंजिनात एक मोठा गुण होता: त्याचा प्रत्येक बिघाड हाताला लागतो, डोळ्यांना दिसतो. टॅपेटचंच घ्या. इंजिन थंड असताना बॅरलच्या बाजूचं छोटं झाकण एक नट काढून उघडायचं, दोन पातळ पाने लावायचे, आणि पुशरॉड बोटांच्या चिमटीत धरून फिरवून पाहायचा. तो सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. एवढंच माप. ना गेज, ना मीटर. रस्त्याकडेच्या झाडाखाली बसून हे काम होतं, आणि एकदा पाहिलेला माणूस ते पुन्हा स्वतः करू शकतो.

यावर येझदीवाले एक रास्त आक्षेप घेतात. ज्या इंजिनात टॅपेटच नाहीत त्यात ते लावावेच लागत नाहीत, मग दुरुस्ती सोपी कुणाची? रस्त्यावरच्या रोजच्या दुरुस्तीपुरतं त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. प्लग साफ केला, पॉइंट घासले, कार्बोरेटरचा जेट फुंकला की येझदीचे बहुतेक रुसवे मिटत. पण मोठं काम निघालं की चित्र पालटे. दोन स्ट्रोकच्या इंजिनात क्रँककेस हवाबंद असावी लागते. क्रँकचं ऑइल सील गेलं की आत बाहेरची हवा शिरते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं. सील बदलायला इंजिन उतरवून केस उघडावी लागते, आणि बेअरिंग किंवा कनेक्टिंग रॉड गेला असेल तर क्रँक प्रेसवर सोडवून पुन्हा सरळ बसवावा लागतो. त्यासाठी लेथवाला हवा, नेमका भाग हवा आणि नेमका हात हवा. बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकायचा तर तो पिस्टन बाजारात असावा लागतो. म्हणजे गोष्ट फिरून साखळीवरच येते.

आणि या साखळीच्या बाबतीत दोन्ही गाड्यांची नशिबं पार वेगळी निघाली. इंग्लंडमधली रॉयल एनफील्ड 1970 साली बंद पडली, पण मद्रासचा कारखाना तेच इंजिन तसंच बनवत राहिला. 1977 पासून तर तो बुलेट उलट इंग्लंडलाच पाठवू लागला. परवाना राजवटीत स्पर्धा नव्हती, रचना बदलायची निकडही नव्हती. त्याला आपण मागासलेपण म्हणतो, आणि नवी गाडी घेणाऱ्याच्या बाजूने ते खरंही आहे. पण जुनी गाडी घेणाऱ्याला याच साचलेपणाचा केवढा फायदा झाला! साठ सालच्या बुलेटला नव्वद सालचे बरेचसे भाग बसत. पुण्याच्या नाना पेठेत नवा भाग मिळे, तो परवडला नाही तर बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात वापरलेला मिळे. लष्कराने आणि पोलिसांनी लिलावात काढलेल्या गाड्यांमुळे आख्खी इंजिनं बाजारात येत राहिली. सौराष्ट्रात तर बुलेटचा पुढचा भाग डिझेल इंजिनाला जोडून छकडा तयार झाला आणि माणसं-माल वाहू लागला. इतक्या ठिकाणी वापरात असलेल्या गाडीचे भाग बनवणं लहान कारखानदारालाही परवडतं. म्हैसूरला नेमकं उलट घडलं. खप घसरला, कामगारांशी तंटे झाले, 1991 पासून धुराचे नियम आले आणि 1996 साली ते आणखी कडक होताना आयडियल जावाचा कारखाना बंद पडला. त्या वर्षी रस्त्यावरची एकही येझदी कालच्यापेक्षा वाईट झाली नव्हती. तरी जुन्या बाजारात तिची पत उतरली, कारण घेणारा पुढच्या दहा वर्षांचा हिशेब करत होता.

दुसरा आक्षेप जास्त जोरकस आहे. बुलेट जिंकली ती सुट्या भागांमुळे नाही, रुबाबामुळे, असं पुष्कळ जण म्हणतात: फौजदाराची गाडी, पाटलाची गाडी, सिनेमातली गाडी. रुबाब होता हे नाकारायचं कारण नाही. पण रुबाबाने गाडी खपत असती तर कारखान्यावर वाईट दिवस आले नसते. 1994 साली आयशरमध्ये विलीन होऊनही महिन्याचा खप दोन हजारांच्या आसपासच राहिला, आणि 2000 साली मोटरसायकलचा धंदा बंदच करावा का, इथपर्यंत विचार गेला होता. शोरूममध्ये रुबाबाला गिऱ्हाईक नव्हतं, त्याच काळात जुनी बुलेट घेऊन माणसं हिमालयात जात होती. मनाली-लेह रस्ता 1989 साली सामान्य प्रवाशांना खुला झाला. दिल्लीच्या करोल बागेत जुन्या बुलेटांचा बाजार भरभराटीला आला, तो याच प्रवाशांवर. गोव्यात हणजूण, हरमलच्या किनाऱ्यांवर हिवाळाभर राहणारे परदेशी लोक जुनी बुलेट घेत आणि परतताना विकून टाकत. या माणसांना गावच्या फौजदाराच्या रुबाबाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना हवी होती अशी गाडी, जी कुठेही बिघडली तरी तिथे दुरुस्त होईल आणि जाताना पैसे परत देईल. मनाली-लेह रस्त्यावरची तांगलांग ला ही खिंड 5,328 मीटरवर आहे. तिथल्या विरळ हवेत कार्बोरेटरचं मिश्रण जास्त गडद होतं, सायलेन्सरमधून काळा धूर निघतो, गाडी ओढत नाही. हे दोन्ही गाड्यांना होतं, आणि उपायही एकच: लहान जेट. पण लहान जेटच्या पुड्या त्या वाटेवर ज्याच्या खिशात असत तो मिस्त्री बुलेटचा होता.

यामाहाच्या आरडी 350 चं नाव इथे कुणीतरी घेईलच. एस्कॉर्ट्सने ती 1983 पासून साधारण 1990 पर्यंत काढली. दोन सिलिंडर, आणि वेगात बाकी कुणाला हात लावू न देणारी. पण पेट्रोल भरपूर पिणारी, भाग महाग आणि दुर्मीळ. शर्यतीत तिने नाव काढलं. हजार किलोमीटरच्या वाटेवर तिला घेऊन निघणारा मात्र सुटे भाग घरूनच बांधून नेई.

येझदीवाल्यांनी मात्र हार मानली नाही, आणि या इतिहासातला तो भाग मला फार मोलाचा वाटतो. कारखाना गेल्यावर त्यांनी साखळी स्वतः उभी केली. बंगळूर, म्हैसूर, पुण्याच्या मंडळींनी भागांचे साठे शोधले, जुन्या मिस्त्र्यांना धरून ठेवलं, दर जुलैत जावा-येझदीचा दिवस साजरा करायला सुरुवात केली. 2018 साली जावा आणि 2022 साली येझदी ही नावं बाजारात परत आली, पण ती चार स्ट्रोकच्या, पाण्याने थंड होणाऱ्या निराळ्या गाड्यांवर. त्यांचा एकही इंजिनचा भाग म्हैसूरच्या इंजिनाला बसत नाही.

आणि बुलेट? धुराच्या नियमांमुळे 2010 च्या सुमारास तिचं जुनं, ओतीव लोखंडी सिलिंडरचं इंजिन थांबलं. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र असलेलं नवं यंत्र आलं, आणि त्याचे भाग जुन्याला चालत नाहीत. पंचावन्न वर्षं न तुटलेली साखळी कारखान्याच्या बाजूने तिथे तुटली. आज जुनी बुलेट आणि जुनी येझदी शेजारी लावून निवडायची, तर कधी नव्हे ते दोघी एका पायरीवर आल्या आहेत. दोघींचे भाग आता लहान कारखानदार बनवतात, दोघींचे भाव हौसेने चढलेत. दोघींच्या आरसी बुकावरचे इंजिन आणि चेसिसचे नंबर प्रत्यक्षाशी ताडून पाहावे लागतात, कारण इतक्या वर्षांत आख्खी इंजिनं इकडची तिकडे गेली आहेत. आता घेणाऱ्याने गाडीपेक्षा आधी आपल्या गावातला मिस्त्री पाहावा. चिमटीत पुशरॉड फिरवून टॅपेट लावणारा असेल तर बुलेट, क्रँक प्रेसवर सरळ बसवणारा असेल तर येझदी. आणि त्याच्या हाताखाली कुणी पोरगा काम शिकतोय का, तेही बघून घ्यावं.