वाडा उतरवला, बिल्डिंग पाडली

गेल्या महिन्यात आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. शनिवार होता म्हणून बाबांबरोबर बघायला गेलो. ब्रेकरने चार मजल्यांचा राडारोडा करायला फार दिवस लागले नाहीत. भंगारवाल्याने दारं, ग्रिल आणि वाकड्यातिकड्या सळया नेल्या, बाकी सगळं डंपरमध्ये. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपला वाडा पाडला नव्हता रे, उतरवला होता."

हा शब्द डोक्यात बसला. उतरवला!

१९८७ साली त्याच जागेवरचा पणजोबांचा वाडा गेला, तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. बाबा सांगतात, सुतार वर चढले, खुंट्या ठोकून काढल्या आणि सागवानी तुळया, खांब, कडीपाट एकेक करून खाली घेतलं. लाकूड विकलं गेलं, विटा साफ करून कुणीतरी नेल्या. देवघराचा दरवाजा तेवढा आजोबांनी ठेवून घेतला.

हल्ली याला 'सर्क्युलर कन्स्ट्रक्शन' असं भारी नाव आहे. पण प्रकार जुनाच. रोमचंच बघा. सन ३१५ मधल्या कॉन्स्टंटाइनच्या कमानीवरची बरीच शिल्पं ट्राजन, हेड्रियन आणि मार्कस ऑरेलियस यांच्या काळातल्या स्मारकांवरून काढून आणलेली आहेत. पाचव्या शतकातल्या सांता सबिना चर्चमधले २४ संगमरवरी खांबही आधीच्या इमारतीतले. म्हणजे चक्क कॉपी-पेस्ट! (खरं तर कट-पेस्ट.)

हे इतकं वाढलं की ४५८ साली सम्राट मेजोरियनला कायदा करावा लागला. जुन्या सार्वजनिक इमारती उचकटायला परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याला ५० पौंड सोन्याचा दंड, आणि त्याला साथ देणाऱ्या हाताखालच्या लोकांना फटके देऊन हात तोडायची शिक्षा. तरी पुढची हजार वर्षं लोक दगड नेतच राहिले. १३४९ च्या भूकंपात कोलोसियमचा मोठा भाग कोसळला आणि रोमला आयती खाण मिळाली. तिथल्या भिंतींवर आज जी भोकं दिसतात, ती दगड जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्या लोकांनी उकरून नेल्याच्या खुणा आहेत.

आता मुद्दा असा, की हे सगळं नेता का आलं? कारण ते सुटं होत होतं. कोलोसियमचे मोठे दगड चुन्याने चिकटवलेले नव्हते, नुसते पट्ट्यांनी अडकवलेले होते. आमच्या वाड्याचं लाकूड खुंट्यांवर उभं होतं. चुन्याचा किंवा मातीचा दर्जा विटेपेक्षा मऊ, त्यामुळे भिंत सोडवताना दर्जा सुटतो आणि वीट शाबूत राहते. १८२४ साली जोसेफ अ‍ॅस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं, आणि पुढे त्या घराण्यातलं सिमेंट जगभर पसरलं. सिमेंटचा दर्जा विटेहून कडक, त्यामुळे आधी वीटच फुटते. आरसीसीबद्दल तर बोलायलाच नको. आमच्या धंद्यात याला 'टाइट कपलिंग' म्हणतात. एक मॉड्यूल काढायला गेलं की सगळं सिस्टिम कोसळतं.

इथेच थांबलो असतो तर 'जुनं ते सोनं' म्हणून मोकळा झालो असतो. पण मग हडप्पा आठवलं.

अलेक्झांडर कनिंगहॅम १८५३ आणि १८५६ मध्ये तिथे गेला, तेव्हा जुन्या भिंतींचे बरेच अवशेष शिल्लक होते. १८७० च्या दशकात तो पुन्हा आला, तोवर लाहोर-मुलतान रेल्वेच्या ठेकेदारांनी विटा उपसून नेल्या होत्या. त्याच्या अंदाजाने त्या सुमारे १०० मैल रुळांखाली खडी म्हणून गेल्या. म्हणजे साधारण पुण्याहून ठाण्यापर्यंत! जाडी, रुंदी, लांबी १:२:४ अशा प्रमाणात भाजलेल्या, चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या विटा. रेल्वेच्या माणसांना एवढंच कळलं की चांगल्या पक्क्या विटा फुकट मिळतायत. हे शहर कुणाचं, ते १९२१ च्या उत्खननानंतर आणि १९२४ मध्ये जॉन मार्शलने जाहीर केल्यावर जगाला कळलं. तोवर वरचे थर रुळांखाली गेले होते.

तिथेही विटा सहज सुटल्याच की. पण सांता सबिनात खांब खांबच राहिला, हडप्पात विटेची खडी झाली. पुनर्वापर दोन्हीकडे झाला. फरक एवढाच, की एकीकडे वस्तू पुढे गेली, दुसरीकडे फक्त तिचं वजन.

आमच्या बिल्डिंगचंही फार तर वजनच पुढे जाईल, कुठल्या तरी खड्ड्यात भराव म्हणून. वाडा किती पिढ्या टिकला कुणास ठाऊक, पण त्यातल्या तुळया आजही कुणाच्या तरी घरात असतील. बिल्डिंग मात्र ४० वर्षंसुद्धा टिकली नाही.

परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी आर्किटेक्टना विचारलं, "ही नवी बिल्डिंग पुढे कधी उतरवता येईल का?" आधी त्यांना प्रश्नच कळला नाही. मग हसून म्हणाले, "अहो, आधी उभी तर राहू द्या!" बरोबरच आहे म्हणा. पण कमीत कमी खिडक्यांच्या चौकटी स्क्रूवर बसवता येतील का, हे बघतो म्हणालेत.

देवघराचा दरवाजा सध्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये भिंतीला टेकवून ठेवलाय. नव्या प्लॅनमध्ये त्याच्या मापाची जागाच नाही. बाबांनी काल टेप घेऊन तो पुन्हा एकदा मोजला आणि आकडे माझ्याकडे दिले. पुढच्या मीटिंगला तो कागद घेऊन जाणार आहे.