एम-डिस्क

एम-डिस्क ही माहितीच्या दीर्घकालीन जतनासाठी विकसित केलेली, एकदाच लिहिता येणारी प्रकाशीय तबकडी (ऑप्टिकल डिस्क) आहे. 'मिलेनियल डिस्क' या नावाचे हे संक्षिप्त रूप आहे. नेहमीच्या रेकॉर्डेबल सीडी व डीव्हीडीमध्ये माहिती कार्बनी (सेंद्रिय) रंगद्रव्याच्या थरात नोंदवली जाते. एम-डिस्कमध्ये त्याऐवजी अकार्बनी पदार्थाचा थर असतो. योग्य परिस्थितीत ही तबकडी १,००० वर्षांपर्यंत टिकू शकते, असा उत्पादकांचा दावा आहे. छायाचित्रे, चित्रफिती, दस्तऐवज इत्यादी वैयक्तिक माहिती साठवण्यासाठी तिचा वापर होतो.

पार्श्वभूमी

कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ मध्ये बाजारात आली. कारखान्यात छापलेल्या तबकडीत माहिती पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकवरील सूक्ष्म खळग्यांच्या रूपात असते. घरी लिहिता येणाऱ्या सीडी-आर व डीव्हीडी-आर तबकड्यांत असे खळगे नसतात. त्यांतील रंगद्रव्य लेझर किरणाने तापवून ठिकठिकाणी बदलले जाते आणि वाचताना या बदललेल्या जागा खळग्यांप्रमाणे ओळखल्या जातात.

प्रकाश, उष्णता व आर्द्रता यांमुळे रंगद्रव्य कालांतराने विघटित होते. परावर्तक धातूच्या थरापर्यंत हवा किंवा ओलावा पोहोचल्यास तोही खराब होतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या मार्गदर्शनानुसार, रेकॉर्डेबल सीडी-डीव्हीडींचे आयुष्य १०, २५ किंवा त्याहून अधिक वर्षे असल्याचे सांगितले जात असले, तरी प्रत्यक्ष अनुभवात ते २ ते ५ वर्षे धरावे लागते.

हा ऱ्हास बराच काळ वापरकर्त्याच्या लक्षात येत नाही. तबकडीवर मूळ माहितीसोबत त्रुटी-दुरुस्तीसाठी जादा माहिती लिहिलेली असते आणि तिच्या आधारे ड्राइव्ह लहान चुका आपोआप दुरुस्त करतो. चुकांची संख्या दुरुस्तीच्या मर्यादेपलीकडे गेल्यावर मात्र कालपर्यंत व्यवस्थित चालणारी तबकडी वाचता येईनाशी होते.

इतिहास

एम-डिस्कमागील संशोधन अमेरिकेतील युटा राज्यातील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात झाले. तेथील प्राध्यापक बॅरी लंट व मॅथ्यू लिनफर्ड यांच्या कामातून 'मिलेनियाटा' ही कंपनी उभी राहिली. २०११ मध्ये एलजी कंपनीने या तबकड्यांवर लेखन करू शकणारे ड्राइव्ह आणण्याचे जाहीर केले. प्रथम डीव्हीडी आणि नंतर ब्लू-रे स्वरूपातील एम-डिस्क उपलब्ध झाल्या. डिसेंबर २०१६ मध्ये मिलेनियाटा दिवाळखोरीत निघाली. कर्जरोखेधारकांनी तिची मालमत्ता ताब्यात घेऊन 'युअर्स डॉट को' ही नवी कंपनी स्थापन केली. तबकड्यांचे उत्पादन व विक्री व्हर्बेटिम आणि राइटेक या परवानाधारक कंपन्यांमार्फतही होत राहिली.

रचना व कार्य

एम-डिस्कच्या नोंदणी-थराचे वर्णन उत्पादकांनी 'दगडासारखा' असे केले आहे. लेखनाच्या वेळी लेझरच्या उष्णतेने या थरात कायमस्वरूपी भौतिक बदल घडतो. रंगद्रव्य नसल्यामुळे प्रकाशाने त्याचे विघटन होण्याचा प्रश्न उरत नाही. डीव्हीडी स्वरूपातील एम-डिस्क लिहिण्यासाठी अधिक शक्तिशाली लेझर लागतो. म्हणून तिला अनुरूप ड्राइव्ह आवश्यक असतो. लिहिलेली तबकडी मात्र साध्या डीव्हीडी ड्राइव्हमध्येही वाचता येते.

डीव्हीडी स्वरूपाची क्षमता ४.७ गिगाबाइट असते. ब्लू-रे स्वरूपात २५ व १०० गिगाबाइट क्षमतेच्या तबकड्या मिळतात. १०० गिगाबाइटच्या तबकडीसाठी बीडीएक्सएल प्रकार हाताळणारा ड्राइव्ह लागतो.

बहुतेक साध्या बीडी-आर तबकड्यांचा नोंदणी-थरही अकार्बनी असतो. 'एलटीएच' असे चिन्ह असलेल्या तबकड्या याला अपवाद असून त्यांत कार्बनी रंगद्रव्य असते. त्यामुळे एम-डिस्क आणि साधी तबकडी यांतील फरक डीव्हीडीच्या बाबतीत जितका ठळक आहे, तितका ब्लू-रेच्या बाबतीत नाही.

टिकाऊपणाच्या चाचण्या

हजार वर्षांचा दावा प्रत्यक्ष वाट पाहून तपासता येत नाही. म्हणून तबकड्या उच्च तापमान व आर्द्रतेत ठेवून ऱ्हासाचा वेग वाढवला जातो आणि मिळालेल्या आकड्यांवरून सामान्य तापमानातील आयुष्याचा अंदाज बांधला जातो. या पद्धतीला 'त्वरित जीर्णन चाचणी' म्हणता येईल.

अमेरिकी नौदलाच्या चायना लेक येथील केंद्राने २००९ मध्ये एम-डिस्कची इतर पाच प्रकारच्या डीव्हीडींशी तुलना केली. ८५ अंश सेल्सियस तापमान, ८५ टक्के सापेक्ष आर्द्रता व तीव्र प्रकाश अशा परिस्थितीत इतर सर्व प्रकारच्या तबकड्या निकामी झाल्या. एम-डिस्कवरील माहिती टिकून राहिली.

फ्रान्सच्या राष्ट्रीय मापनशास्त्र व चाचणी प्रयोगशाळेचा निष्कर्ष वेगळा आहे. तेथे ९० अंश सेल्सियस व ८५ टक्के आर्द्रतेच्या चाचणीत अकार्बनी थराच्या डीव्हीडी नेहमीच्या डीव्हीडींपेक्षा अधिक काळ टिकल्या नाहीत. काचेपासून बनवलेली तबकडी मात्र त्याच चाचणीत बरीच अधिक टिकली.

दोन्ही चाचण्यांची परिस्थिती सारखी नव्हती. पहिल्या चाचणीत प्रकाशाचा मारा होता आणि रंगद्रव्याला त्यापासून विशेष धोका असतो. शिवाय, नोंदणी-थर हा तबकडीचा केवळ एक घटक आहे. पॉलिकार्बोनेटचा पाया आणि थर जोडणारा चिकट पदार्थ यांवरही उष्णता व ओलाव्याचा परिणाम होतो. 'हजार वर्षे' हा आकडा त्यामुळे मोजलेले आयुष्य नसून काढलेला अंदाज आहे.

वैयक्तिक संग्रहासाठी उपयोग

एकदा लिहिल्यावर तबकडीतील माहिती बदलता येत नाही. त्यामुळे चुकून फाइल पुसली जाणे किंवा संगणक-विषाणूने ती बिघडवणे यांपासून संरक्षण मिळते. हार्ड डिस्कप्रमाणे तबकडीत फिरते यांत्रिक भाग नसतात आणि चुंबकीय क्षेत्राचा तिच्यावर परिणाम होत नाही. क्षमता कमी असणे ही मोठी अडचण आहे: १ टेराबाइट माहितीसाठी २५ गिगाबाइटच्या सुमारे ४०, तर १०० गिगाबाइटच्या सुमारे १० तबकड्या लागतात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत तबकड्यांच्या हाताळणीविषयी सूचना आहेत. त्यांतील काही प्रमुख सूचना अशा:

- तबकडी कडेने किंवा मधल्या छिद्राने धरावी.
- ती डबीत उभी व अंधाऱ्या जागी ठेवावी.
- ४ ते २० अंश सेल्सियस तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता राखावी.
- चिकटपट्टीचे लेबल लावू नये.

कोकण व गोव्यासारख्या किनारी प्रदेशांत पावसाळ्यातील आर्द्रता या मर्यादेच्या बरीच वर जाते. तेथे हवाबंद डबा व ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या उपयुक्त ठरतात.

मर्यादा

तबकडी टिकली म्हणजे माहिती टिकलीच असे नाही. ती वाचण्यासाठी ड्राइव्ह, तो जोडता येईल असा संगणक आणि फाइलचे स्वरूप समजणारे सॉफ्टवेअर या तिन्हींची गरज असते. नव्या लॅपटॉपमध्ये प्रकाशीय ड्राइव्ह आता सहसा नसतो. सोनी कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये रेकॉर्डेबल ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले. आग, पूर किंवा हरवणे यांपासून कोणताही नोंदणी-थर संरक्षण देत नाही.

या कारणांमुळे डिजिटल जतनाच्या क्षेत्रात एकाच माध्यमावर विसंबून न राहण्याचा संकेत आहे. माहितीच्या किमान तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी ठेवण्याची पद्धत '३-२-१ नियम' म्हणून ओळखली जाते. ठरावीक काळाने प्रती वाचून तपासणे आणि जुने माध्यम कालबाह्य होण्यापूर्वी माहिती नव्या माध्यमावर हलवणे हेही जतनाचेच भाग मानले जातात. अशा व्यवस्थेत एम-डिस्क ही अनेक प्रतींपैकी एक प्रत ठरते.

हेही पहा

- कॉम्पॅक्ट डिस्क
- डीव्हीडी
- ब्लू-रे डिस्क
- डिजिटल जतन