आव्यातली नळी

कुंभाराच्या मातीला चाकावर आकार येतो, पण गुण येतो तो आव्यात. पणतीची ही रीत विजेच्या कामी येणाऱ्या एका भाजणीलाही लागू आहे. मात्र तिला आव्यानंतर आणखी एक संस्कार लागतो.

गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली. रेडिओच्या कंडेन्सरांसाठी अभ्रक लागे आणि त्यातले बरेचसे हिंदुस्थानातल्या खाणींतून जाई. युद्धात त्याची वाण पडली. पर्याय शोधता शोधता अमेरिका, रशिया व जपान या तिन्ही देशांत, एकमेकांना नकळत, एकच पदार्थ हाती आला : बेरियम टायटनेट. अमेरिका व जपान तर एकमेकांच्या जिवावर उठलेले! लपवलेली विद्या अशी तीनदा शोधावी लागली.

या भाजणीच्या प्रत्येक कणाला विजेची एक दिशा असते. पण जत्रेतल्या माणसांप्रमाणे जो तो आपल्या वाटेने तोंड करून उभा. १९४७ साली शेपर्ड रॉबर्ट्स यांनी दाखवले, की प्रबळ विद्युत्क्षेत्राचा संस्कार झाला म्हणजे ती तोंडे एकीकडे वळतात आणि मागाहूनही बरीचशी तशीच राहतात. मग दाबले की वीज उपजते, वीज दिली की भाजणी किंचित लांबते वा आखडते.

युद्ध संपले, विद्या उघडी झाली. टोकियोच्या संशोधकांनी शिसे, झिर्कोनियम व टायटेनियम यांच्या मिश्र भाजणीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यावरून १९५४ साली वॉशिंग्टनमध्ये बर्नार्ड जॅफ व सहकाऱ्यांनी तिचा हा गुण किती जोरकस आहे ते दाखवले. कालचे वैरी एकाच भिंतीवर विटा रचू लागले.

१९८१ साली झुरिकजवळ रुश्लिकोन येथे बिनिग व रोरर यांनी अणू दाखवणारा सूक्ष्मदर्शक बनवला. त्यातली सुई पृष्ठभागापासून अणूएवढ्या अंतरावर हलवायची कशी? आरंभी भाजणीच्या तीन कांड्या वापरीत. १९८६ साली बिनिग व स्मिथ यांनी एकच लहानशी नळी पुढे आणली. बाहेरून धातूच्या चार पट्ट्या, आत एक थर. समोरासमोरच्या पट्ट्यांना उलटसुलट वीज दिली की नळी वाकते. आतल्या थराला दिली की लांबी बदलते. ना चाक, ना स्क्रू. बिनिग व रोरर यांना त्याच वर्षी नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

पुढे १९८९ साली कॅलिफोर्नियात डॉन आयग्लर यांनी अशाच जातीच्या सूक्ष्मदर्शकाने झेनॉनचे ३५ अणू एकेक सरकवून तीन अक्षरे लिहिली.

अभ्रकाच्या टंचाईतून निघालेल्या वाटेचा हा मुक्काम! भाजणीतल्या कणांची तोंडे एकीकडे वळवणे विजेला साधले. माणसांची वळली, ती विद्येची दारे उघडल्यावरच.